वझीर खान मशीद: आधी उत्पन्न तुटले, मग रंग झडले

लाहोरच्या दिल्ली दरवाजातून किल्ल्याकडे निघाले की वझीर खान मशीद लागते. शाहजहानचा पंजाबातला सुभेदार हकीम इल्मुद्दीन अन्सारी ऊर्फ वझीर खान याने १६३४ च्या सुमारास ती बांधायला घेतली आणि १६४१ पर्यंत पुरी केली. गाळाच्या त्या मैदानात दगड मिळत नाही, म्हणून सगळी भिस्त विटेवर. विटेचा रुक्षपणा झाकला तो रंगांनी. बाहेरून काशीकारी, म्हणजे चकाकत्या रंगीत फरश्यांचे तुकडे कापून, जुळवून बसवलेली वेलबुट्टी आणि अक्षरे. आत गिलाव्यावर चितारलेली फुले, झाडे, सुरया. चार कोपऱ्यांना अष्टकोनी मिनार, नमाजाच्या दालनावर पाच घुमट. रंगाच्या हौसेत ही मशीद ताजमहालालाही मागे टाकते, असे मी बेधडक म्हणेन.

तिच्या पडझडीचे खापर सहसा बदललेल्या राजवटींवर फुटते. ते कारण मला अपुरे वाटते. वझीर खानाने नुसती इमारत उभारली नव्हती, तिच्या पोटापाण्याचीही सोय लावली होती. प्रवेशद्वाराशीच कातिब (सुलेखनकार) आणि जिल्दसाज (पुस्तकबांधणी करणारे) यांच्यासाठी दुकानांचे गाळे काढले. ते गाळे आणि जवळचा हमामखाना वक्फात, म्हणजे कायमच्या धर्मादायात दिले. देवळाच्या दिवाबत्तीसाठी आपल्याकडे इनाम जमिनी लावून देत, तशीच ही रीत. हे उत्पन्न आटले आणि भिंती निराधार झाल्या. १८९० च्या सुमारास लाहोरच्या कलाशाळेचे प्राचार्य लॉकवुड किपलिंग यांनी या इमारतीला नक्षीकामाची शाळाच म्हटले, आणि देखभाल वर्षागणिक कमी होत असून चित्रे फार खराब झाल्याचेही नोंदवले. तोवर पंजाबात इंग्रजी अंमल येऊन चाळीस वर्षे झाली होती; लढाया, लूटमार केव्हाच मागे पडली होती. तरी रंग झडतच होते.

वीट आणि फरशी मुळातच नाजूक, ती कधीतरी निखळणारच, असा एक आक्षेप आहे. तो खराच. गिलाव्यात पाणी मुरले की फरशी सुटते. पण नाजूक कामाला कायमची डागडुजी लागते, आणि तिच्यासाठी बांधलेले उत्पन्नच मोडले तर दोष विटेच्या माथी कसा मारायचा?

२००९ पासून आगाखान ट्रस्टच्या साहाय्याने जतनाचे काम सुरू झाले. अतिक्रमणे हटली, भर पडून वर आलेला मशिदीपुढचा चौक खणून मूळ पातळीवर आणला. परदेशी देणग्यांचा या कामाला मोठा हातभार लागला. पण देणग्या कायम पुरत नाहीत; म्हणून आता परिसरातल्या दुकानांच्या भाड्याचा ठरावीक हिस्सा डागडुजीच्या नावे कायमचा बांधून द्यावा. १६४१ ची व्यवस्था तीच होती.