'हॉट' म्हणजे किती?

रूळ लाल असेतो त्याच्याजवळ कोणी फिरकत नाही, धोका असतो तो काळ्या पडलेल्या रुळाचा, असे भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका मराठी फोरमनसाहेबांनी बोलता बोलता सांगितले. आणि 'हॉट' हे एवढेसे इंग्रजी विशेषण शिकवण्यात त्यांची अख्खी संध्याकाळ का खर्ची पडते, याचे हे कारण मनात असे रुतले की, शिकाऊ मुलांचा त्यांचा वर्ग समक्ष पाहावा असे मी मनावर घेतले.

हजेरी व उजळणी आटोपल्यावर त्यांनी फळ्यावर टी, करी, वेदर आणि मेटल अशी चार नामे मांडली व प्रत्येकामागे 'हॉट' लावून घरच्या बोलीतला शब्द सांगण्यास फर्मावले. चहाला छत्तीसगढी 'तात' मिळाला, रश्शाला 'तीखा', हवेला 'गरम'. मेटलपाशी मात्र वर्ग थबकला.

"झोतभट्टीतून निघताना सुमारे 1500 अंश," साहेब म्हणाले.

1955 च्या करारान्वये सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. येथे आलेल्या रशियनांच्या भाषेत तापल्या हवेला 'झार्की', तापल्या वस्तूला 'गर्याची' व तिखटाला 'ओस्त्री' असे निरनिराळे शब्द. इंग्रजी मात्र या साऱ्यांचा भार एकट्या 'हॉट'वर टाकते.

एका मुलाने पाहुण्यांचे 'हॉट वेलकम' केले, तेव्हा तेथे 'वॉर्म' हवे, हे साहेबांनी शांतपणे समजावले. चिनी विद्यार्थ्यालाही येथे असाच मोह पडावा, कारण चिनी भाषेत जंगी स्वागताच्या शब्दप्रयोगात उष्णतेचेच अक्षर असते.

माझे लक्ष राहून राहून साहेबांच्या उजव्या हाताकडे जाई. चहाचा पेला उचलण्यापूर्वीही तो हात पालथा होऊन पेल्यापासून चार बोटे दूर क्षणभर थांबे, मग सुलटा होई. कारखान्यातली ही सवय घरीही सुटली नव्हती.

"1500 अंश डोळ्यांना दिसतात," ते पुन्हा म्हणाले, "पण 500 च्या खाली लाली उरत नाही. लोखंड काळे दिसते, आणि तरी ते 'हॉट'च!"

समानार्थी शब्दांच्या याद्या घोकून घेणाऱ्या वर्गांची मला तेव्हापासून धास्ती वाटते. विशेषण कोणत्या नामाशेजारी किती ताकदीने उभे आहे, हे ज्याने अंगावर झेललेल्या धगीतून जाणले, त्याच्याकडेच कारखान्यात जाणाऱ्या पोरांची भाषेची तालीम सोपवावी. परीक्षेतला चुकीचा शब्द एका गुणावर भागतो, रुळाजवळचा भागत नाही.