घोळणीची तीस वर्षं

या दिवाळीला नात पुण्याहून आली ती एक मखमली पिशवी घेऊन. आत पाच खडे. गुळगुळीत, काचेसारखे चकचकीत; एक गुलाबी, एक मोरपंखी, एक गर्द निळा. बरोबर एक चिठ्ठी : हा मन शांत करतो, हा परीक्षेत यश देतो. "आजोबा, हे तुमच्या घोळणीतल्यासारखेच आहेत ना?" तिने विचारलं. मी भिंग काढलं. निळा खडा अकीकच होता, पण रंग मुरवलेला. बारीक भेगांमध्ये शाई साचावी तसा तो निळा दाटून बसला होता. पाच खड्यांचे साडेचारशे रुपये. कुठल्या नदीचे, कुठल्या खाणीचे, कुणी घासले, याबद्दल चिठ्ठीत एक शब्द नव्हता.

पोरीला काय बोलणार? खडे परत पिशवीत घातले. पण त्या रात्री झोप आली नाही, कारण हिशोब लागला तो असा, की आमच्या घोळणीला याच दिवाळीत तीस वर्षं पुरी झाली.

घोळणी म्हणजे दगड घासून चकचकीत करणारा ड्रम. इंग्रजीत त्याला टंबलर म्हणतात. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच आईने नाव बदललं. सुपात तांदूळ घोळतात तसे हे दगड घोळले जातात, म्हणून ही घोळणी. अमेरिकेत हा घरोघरचा छंद, तिथे मुलांना वाढदिवसाला असे ड्रम देतात. 1994 साली नगरमध्ये तो विकत कुठून मिळणार? एका जुन्या मासिकात चित्र पाहिलं होतं, तेवढ्यावर गल्लीतल्या मिस्त्रींनी ती उभी केली. एक अष्टमांश हॉर्सपॉवरची मोटर, मिनिटाला 1440 फेऱ्यांची. तिच्यावर दोन इंची पुली, समोर बारा इंची, मधे पट्टा. मोठ्या पुलीच्या एक इंची दांड्यावर रबरी नळी चढवलेली, शेजारी तसाच दुसरा दांडा मोकळा, आणि दोघांच्या मधल्या खळग्यात आडवा ठेवलेला सहा इंची पीव्हीसी पाइपचा ड्रम, आतून ट्रकच्या ट्यूबचं अस्तर. मिस्त्रींनी जमिनीवर खडूने गुणाकार-भागाकार केला आणि म्हणाले, "भाऊ, मिनिटाला सदतीस फेरे पडतील." पडलेही. त्याहून फार जोरात फिरवला तर दगड भिंतीला चिकटून नुसते गोल फिरतात. हळू फिरवला तर तळाशी घसरत राहतात. सदतीस फेऱ्यांना ते वर चढतात आणि एकमेकांच्या अंगावरून ओघळतात. सगळं घासकाम त्या ओघळण्यात होतं.

मोटर दिवसाला दोन-सव्वादोन युनिट वीज खायची. पत्नीने पहिल्या महिन्याचं बिल पाहिलं आणि पहिल्या घाण्यातले दगडही पाहिले. बिलाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

सुरुवातीची दोन वर्षं शिकण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पाण्यात फुगणारी बुचं, फाटणारी ट्यूब, तुटणारे पट्टे. एकदा घासणीचा राखाडी चिखल मोरीत ओतला आणि तो आत सिमेंटसारखा बसला. पाइप फोडून काढावा लागला. तेव्हापासून तो चिखल बागेच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातो.

माझा काळ म्हणजे 1996 ते 2005. त्या दहा वर्षांत जवळपास प्रत्येक रविवारी सकाळी मी आणि भूगोलाचे एक निवृत्त सर एसटीने नेवाशाला जायचो. प्रवरेचा काठ. पाणी ओसरलं की वाळूच्या खाली गोट्यांचे थर उघडे पडायचे, आणि त्या गोट्यांमध्ये काय नव्हतं! मधाच्या रंगाचा अकीक, लालभडक जास्पर, दुधी कॅल्सेडनी, क्वचित हिरव्या शेवाळ्याच्या नक्षीचा अकीक. सर काठावर उकिडवे बसून मला शिकवायचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरत गेला, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड होऊन पडला आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांमध्ये सिलिका मुरत गेली, वलय वलय जमत गेलं, तो अकीक. सह्याद्री झिजला तसा मऊ काळा दगड विरून गेला आणि आतला कठीण अकीक सुटून नदीत आला. काठिण्याच्या मोहस मापनात अकीक सात, चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास. म्हणून सरांची परीक्षा साधी होती : चाकूने ओरखडा उठला तर दगड परत नदीत.

नगरचे एक संग्राहक त्या काळात मला भेटले की हमखास बजावायचे, "निसर्गाने घडवलेल्या दगडावर माणसाने हात फिरवू नये." त्यांच्या कपाटात स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइटचे सुंदर स्फटिक होते. स्फटिकांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. स्फटिकाच्या कडा हेच त्याचं सौंदर्य, आणि ही खनिजं मऊ असल्याने घोळणीत त्यांचं पीठ होतं. पण नदीतल्या गोट्याला निसर्गानेच घोळणीत घातलेलं असतं. मी तेच काम पुढे नेत होतो. हे त्यांना मी तेव्हा सांगू शकलो नाही, कारण चारचौघांत ते मला "दगड घासणारा" म्हणायचे आणि सगळे हसायचे. आज सांगतो.

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही असाच अनुभव आला. दोन महिने खपून मी चार टप्प्यांचे चार काचेचे वाडगे मांडून नेले होते. परीक्षकांनी मान हलवली : यात विज्ञान काय आहे? खरं तर त्या टेबलावर तेवढंच होतं. पहिल्या आठवड्यात 80 नंबरची कार्बोरंडम पावडर, दगडाला आकार येतो. दुसऱ्या आठवड्यात 220. तिसऱ्यात 500, तेव्हा दगड मऊ दिसतो, पण निस्तेज. मग चौथ्यात सेरियम ऑक्साइड. चष्म्याच्या काचा घासणाऱ्यांकडून मी ती गुलाबी पूड किलोभर आणून ठेवायचो. प्रत्येक टप्प्याच्या मधे धुणं. घमेल्यात, जुन्या टूथब्रशने, दगडाची प्रत्येक खाच. 80 नंबरचा एक कण जरी शेवटच्या टप्प्यात राहिला तर महिन्याची मेहनत ओरखड्यांत जाते. ड्रम दोन तृतीयांश भरलेला हवा, लहान-मोठे गोटे मिसळलेले हवेत, पाणी वरच्या थराच्या जरा खाली. आवाजावरून कळतं : घुसळल्यासारखा आवाज आला तर ठीक, खडखडला तर उघडून बघा. शेवटी दगडाचा चौथा हिस्सा तरी चिखल होऊन गेलेला असतो. उरलेला ओल्या बोटांनी उजेडात धरला की आतली वलयं दिसतात. त्या वाडग्यांसमोर मुलं थांबली होती, परीक्षक थांबले नाहीत.

1998 साली मी खंभातला गेलो, मुद्दाम. अकिकाची गुजरातेतली ती जुनी पेठ. दगड येतो भरूचकडच्या रतनपूरच्या खाणींतून. तिथे लोखंडी खुंटाच्या टोकावर दगड धरून, म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके काढत कारागीर मणी घडवतात. एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितलं, की विजेचे ड्रम येण्याआधी चामड्याच्या पिशवीत मणी, पाणी आणि कुरुंदाची पूड भरत आणि दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी दिवसचे दिवस एकमेकांकडे लोटत. म्हणजे घोळणीच. मला फार आनंद झाला होता. तो टिकला नाही, कारण त्याच गल्लीत चाकावर कोरडा दगड घासणारी माणसं पाहिली, आणि त्यांचा खोकला ऐकला. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात. खंभातच्या अकीक कामगारांमधल्या सिलिकोसिसवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने अभ्यास केलेले आहेत. तेव्हापासून माझ्याकडे दगड कधीही कोरडा घासला गेला नाही, आणि स्वस्त चकचकीत खडा हातात आला की मला ती गल्ली आठवते. नातीच्या पिशवीतला निळा खडा बघतानाही तीच आठवली.

याच दशकातली एक चूक मला लिहायचीच आहे. 1997 च्या फेब्रुवारीत काठावर एक पिवळसर तपकिरी चर्टचा तुकडा मिळाला. तळहातात अगदी नेमका बसणारा. अंगठ्याला टेकायला एक खोलगट जागा, आणि एका बाजूला ओळीने बारीक टवके उडालेले. मला वाटलं, कड खडबडीत आहे, पहिल्या टप्प्यात जाईल. दोन आठवडे घोळला. मे महिन्यात एका मित्राचा भाचा घरी आला, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकणारा. त्याने तो तुकडा उचलला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "काका, घासण्याआधी हा कसा होता?" मी सांगितलं. तो म्हणाला, हे हत्यार होतं, तासणी.

पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी 1954 पासून नेवाशाला उत्खननं केली आणि याच प्रवरेच्या गोट्यांच्या थरांतून मध्य पुराश्मयुगातली हत्यारं उजेडात आणली, हे मला ऐकून माहीत होतं. त्या हत्यारपद्धतीला त्यांनी नावच नेवाशियन दिलं. अकीक, जास्पर, चर्ट, म्हणजे मी जे वेचत होतो तेच दगड त्या माणसांनी वेचले होते, त्याच काठावर, चाकूही नसताना. हजारो वर्षं टिकलेली ती धार मी चौदा दिवसांत पुसून टाकली. तो तुकडा आजही माझ्या टेबलावर आहे. हात लावला की गुळगुळीत लागतो, आणि त्या गुळगुळीतपणाची मला शरम वाटते. सरांनी त्या दिवसानंतर नियम केला : नदीनेच गोल केलेला गोटा तेवढा उचलायचा.

पुढे भारनियमन आलं. 2005 नंतर वीज तासन्‌तास जायची. ड्रम थांबला की चिखल तळाशी बसायचा आणि दगड त्यात घट्ट रुतायचे. मी रात्री उठून हाताने ड्रम फिरवला आहे. मग सर गेले. त्या पुढच्या वर्षांबद्दल लिहावं असं काही नाही.

पुन्हा काठावर गेलो तो 2016 च्या हिवाळ्यात, एकटाच. जिथे आम्ही बसायचो तिथे पुरुषभर खोल खड्डा, बाजूला जेसीबीच्या दातांचे ओरखडे. वाळू तर गेलीच होती, खालचा गोट्यांचा थरही भरावासाठी उचलून नेलेला. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, ती कागदावर आहे. डंपर रात्री चालतात हे गावात लहान मुलालाही ठाऊक आहे. लोक वाळूचोरीबद्दल बोलतात तेव्हा पाण्याची पातळी, बुडालेला महसूल यांबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या थरांबरोबर नेवाशियन माणसाच्या तासण्या कुठल्या तरी रस्त्याच्या पोटात गेल्या, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी एक हत्यार खराब केलं, ते सत्तावीस वर्षं मनाला खातं आहे. एका डंपरमध्ये किती जात असतील?

आता टंबलर ऑनलाइन मिळतो, दोन दिवसांत घरी येतो. खोक्यात पावडरीच्या पुड्या आणि घासायला खडेही असतात. कुणाला काठावर जावं लागत नाही, चाकू लावून बघावा लागत नाही, हा दगड कुठून आला हे विचारावं लागत नाही. "नर्मदेतला गोटा" आपण कोरड्या माणसाला म्हणतो. पण गोट्याला निदान नर्मदा तरी असते. या खोक्यातल्या खड्यांना नदीच नाही, आणि नेमकं तेच मला सोसत नाही.

भाऊबीज झाल्यावर मी नातीला माळ्यावरून एक गोणी काढायला लावली. 2003 सालचे प्रवरेचे गोटे, न घोळलेले. तिने एकेक धुऊन काढला, चाकूने तपासला, चार परत केले. पट्टा नवा घातला, ट्यूबचं अस्तर बदललं. पहिला टप्पा सुरू आहे. ती नाताळच्या सुट्टीत आली की सेरियम ऑक्साइड भरू.

नगर, नेवासा, पैठण, श्रीरामपूर या बाजूला विहिरीचं किंवा घराच्या पायाचं खोदकाम चालू असेल, तर निघालेला ढीग भरावाला पाठवण्याआधी त्यावर बादलीभर पाणी ओता. गोल गोटे दिसले तर ठेवून घ्या, घोळा, मुलांना दाखवा. मात्र तळहातात बसणारा, एका कडेने ओळीने टवके काढलेला दगड दिसला तर तो घासू नका. कुठे, किती खोल सापडला ते लिहून ठेवा, आणि पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.