केळीचा खांब जळत का नाही?

वसईच्या वाडीत लोंगर उतरवले, की त्या केळीचे काम संपते. केळ एकदाच फळते. मग खांब तोडून बांधावर टाकतात. हा खांब चुलीत का घालत नाही, असे वाडीतल्या माणसाला विचाराल तर तो हसेल. पण गणित मांडून पाहण्यासारखे आहे.

ताज्या खांबात वजनाने सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १० किलोग्रॅमच्या तुकड्यात ९ किलोग्रॅम पाणी आणि जेमतेम १ किलोग्रॅम जळण. ३० अंश सेल्सिअसचे १ किलोग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी लागतात, त्याची वाफ करायला आणखी ५४०. तुमच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. तेव्हा ९ किलोग्रॅम पाण्याला ९ × ६१०, म्हणजे ५,४९० किलोकॅलरी हव्यात. कोरडा भाग पूर्ण जळला तरी फार तर ४,००० देईल!

उन्हात वाळवावा म्हणाल, तर आगाशीकडची सुकेळी त्याच फुकटच्या उन्हात होतात. पण ती सोललेली राजेळी. जाड खांब आतून वाळण्याआधी कुजू लागतो.

आणि कुजणे हीच इथे सोय आहे. खांब बारीक चिरून, शेणाच्या पाण्यात कालवून हवाबंद टाकीत भरला, तर प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू तो पचवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. मिथेन पाण्यात फारसा विरघळत नाही, बुडबुडे होऊन वर येतो. लक्षात आले ना? पाण्याची वाफ न करताच ऊर्जा पाण्याबाहेर निघाली.

शेण हवे ते जीवाणूंचे विरजण म्हणून, आणि नत्रासाठीही. कर्ब व नत्राचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे जीवाणूंना मानवते. खांबात नत्र तुटपुंजे. तुकडे मोठे राहिले तर धागे तरंगून जाड साय धरते आणि वायू अडतो. मिथेन नेतो तो फक्त कर्ब आणि हायड्रोजन. नत्र, स्फुरद, पालाश मळीत उरतात. ही मळी वाडीला खत म्हणून परत द्यावी. केळीला पालाश फार लागतो.

हा उद्योग नवा नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून केलेल्या वायूवर दिवे लागले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीची टाकी बनवली. १९६०च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिचा प्रसार केला. तोच आपला गोबर गॅस.

भाताचे तूस, उसाचे पाचट यांचे मात्र उलटे. त्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांतले काष्ठद्रव्य या जीवाणूंना पचत नाही. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी पाचटाचा भट्टीत कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या. या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ना धड ओला, ना धड कोरडा अशा पालापाचोळ्याला कंपोस्टच बरे. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची 'नाडेप' टाकी त्यासाठीच. तिच्या विटांच्या भिंतीत मुद्दाम भोके ठेवतात, कारण इथले जीवाणू हवा मागतात.

आता एक करा. खांबाचा १०० ग्रॅमचा काप पातळ चिरून उन्हात ठेवा आणि वजन घटायचे थांबेपर्यंत रोज तोला. मिळालेला आकडा घेऊन वरचे गणित पुन्हा मांडा. किती टक्के पाण्याला जमा आणि खर्च बरोबरीत येतात, तेही काढा. मात्र बरोबरीत आलेल्या जळणावर भात शिजणार नाही.