व्हीसीडीवरील कार्यक्रमांचे एमपी४ मध्ये रूपांतर

लोककवी वामनदादा कर्डक व कल्याणचे गायक प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली काळाच्या पडद्याआड गेले. त्या पिढीतील गायनाचे कित्येक जाहीर कार्यक्रम कॅसेटी व व्हीसीडी यांवरच उरले आहेत. व्हीसीडी प्लेअर आता दुर्मीळ झाल्याने या ठेव्याचे रूपांतर निकडीचे ठरते.

व्हीसीडीतील 'डॅट' फाइल ही वस्तुतः एमपीईजी-१ पद्धतीची असते. आजचे ब्राउझर ती सहसा दाखवीत नाहीत. चित्रासाठी एच.२६४ व ध्वनीसाठी एएसी वापरलेली एमपी४ फाइल मात्र मोबाइलवरही चालते. 'हँडब्रेक' हे विनामूल्य साधन त्यासाठी पुरेसे आहे.

प्रथम संपूर्ण फाइल संगणकावर उतरवावी. व्हीसीडीवरील चित्रभागास चूक दुरुस्त करणारी माहिती तुलनेने कमी जोडलेली असते, म्हणून लहान ओरखडाही चित्र अडखळवतो. चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते, परंतु ते ४:३ या प्रमाणात पाहावयाचे असते. हे प्रमाण न राखल्यास गायकाचा चेहरा अरुंद दिसतो. आकार उगाच वाढवू नये. मुळात नसलेला तपशील त्याने निर्माण होत नाही, फाइल तेवढी फुगते. 'वेब ऑप्टिमाइझ्ड' हा पर्याय निवडल्यास फाइलची अनुक्रमणिका आरंभी येते व संपूर्ण फाइल उतरण्यापूर्वीच चित्र सुरू होते.

प्रत्येक रूपांतरात काही अंश गळतोच. म्हणून मूळ डॅट फाइल कदापि पुसू नये. फाइलच्या नावात कार्यक्रमाचे स्थळ, दिनांक व गायकाचे नाव लिहावे. हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच ते विचारून घ्यावे.