गोल्फ क्लबचे मैदान

नाशिक शहरातून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, इदगाह मैदानाच्या शेजारी जे विस्तीर्ण पटांगण पसरले आहे, त्याचे दप्तरी नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे असले, तरी रिक्षावाल्यापासून क्रिकेटच्या वार्ताहरापर्यंत सर्वांच्या तोंडी ते गोल्फ क्लब मैदान म्हणूनच रुळलेले आहे. गोल्फचा चेंडू तेथे आता कोणी टोलवीत नाही. परंतु भोवतालच्या वसाहतींतील रहिवाशांचा जेवढा नित्य संबंध ह्या मैदानाशी येतो, तेवढा शहरातील फार थोड्या संस्थांशी येत असेल.

गोल्फ हिंदुस्थानात इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब 1829 मध्ये स्थापन झाला आणि मुंबईचा 1842 मध्ये; पुढे लोहमार्गाने नाशिक मुंबईशी जोडले गेले, तेव्हा येथील कोरडी हवा, मोकळे माळरान आणि मुंबईच्या दमटपणापासून मिळणारी सुटका ह्यांच्या ओढीने इलाख्यातील गोरे अंमलदार व व्यापारी ह्या गावी खेळावयास येऊ लागले. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब ही त्यांची संस्था नाशिकचीच. सव्वाचार इंच व्यासाच्या गलीत चेंडू कमीत कमी टोल्यांत पोहोचवावयाचा, आणि अशा अठरा गली पालथ्या घालावयाच्या, एवढेच ह्या खेळाचे सार. मात्र त्यात एक न्यायबुद्धीची तजवीज आहे, ती मला मोलाची वाटते. कच्च्या खेळाडूस त्याच्या कुवतीप्रमाणे काही टोल्यांची सूट मिळते, तिला हँडिकॅप म्हणतात, आणि त्यामुळे नवशिका व निष्णात एकाच स्पर्धेत बरोबरीने उतरू शकतात. खेळातील ही समता क्लबाच्या फाटकाबाहेर मात्र येत नसे, आणि त्या काळी एतद्देशीयांच्या वाट्याला बहुधा चेंडू शोधण्याचे व काठ्यांची पिशवी वाहण्याचेच काम येई.

देशातील ज्या कोरड्या मुलखांत विलायतेसारखी हिरवळ राखणे दुर्घट होते, तेथे गलीभोवती तेलात मळलेली वाळू पसरून तिची गुळगुळीत चकती करीत. तिला ब्राउन म्हणत. प्रत्येक गटाच्या पावलांनी ती विसकटे, आणि नंतरच्या मंडळींसाठी फळी ओढून ती पुन्हा सपाट करावी लागे.

मैदानाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या अनंत लक्ष्मण कान्हेरे ह्यांचा गोल्फशी काही संबंध नव्हता. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर ह्या तरुण विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या, आणि 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्यांच्यासमवेत तो फाशी गेला. अंमलदारांच्या क्रीडेची आठवण सांगणाऱ्या भूमीस त्याचे नाव मिळावे, ह्यात मला इतिहासाचे औचित्य दिसते.

आज भल्या पहाटेपासून येथील धावपट्टीवर माणसांची रीघ लागते. डॉक्टरांनी चालण्याचा हुकूम सोडलेले निवृत्त मास्तर, पोलीस भरतीसाठी घाम गाळणारी खेड्यापाड्यांतील मुले, रोजची फेरी न चुकविणाऱ्या गृहिणी, आणि चालण्यापेक्षा बोलण्यातच ज्यांचा व्यायाम अधिक होतो असे मित्रांचे गट, ह्या सर्वांचा वावर तेथे असतो. वर्गणी नाही, सभासदत्वाची अट नाही. सार्वजनिक जागेची ह्याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही, आणि म्हणूनच ह्या मैदानाचा एक वावही कोणत्याही निमित्ताने बांधकामाखाली जाऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मध्यभागी राज्य क्रिकेटचे. खेळपट्टीची काळी माती पाण्याने खोलवर भिजवावी, ती वाळू लागताच तिच्यावरून जड रोलर फिरवावा, पुन्हा भिजवावी, पुन्हा दाबावी, गवत बेताने कातरावे. अशा अनेक दिवसांच्या मशागतीनंतर ती खेळास पात्र होते. एवढ्या जपणुकीच्या जागी राजकीय सभाही भरतात. 23 जानेवारी 2024 रोजी उद्धव ठाकरे ह्यांची जाहीर सभा येथे झाली, आणि बरोबर एक वर्षाने, 23 जानेवारी 2025 रोजी, महाराष्ट्र व बडोदा ह्यांच्यातील रणजी सामन्यास ह्याच भूमीवर आरंभ झाला. सभा लोकशाहीला आवश्यक आहेतच. परंतु मांडवाचे खांब रोवल्याने पडणारे खड्डे नीट भरले नाहीत, तर चेंडूमागे धावणाऱ्या पोराचा पाय त्यात मुरगळतो, आणि मैदान सांभाळणाऱ्या माणसांना ही काळजी सभेची तारीख ठरते त्याच दिवसापासून करावी लागते.

रणजीचा तो सामना महाराष्ट्राने 439 धावांनी जिंकला. डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव, क्रिकेटपटू रामकृष्ण घोष, सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे, ही सारी ह्याच जिल्ह्याची मुले. आणि दुपार कलली की खांद्यावर किटची पिशवी अडकवून ह्या मैदानाकडे निघालेल्या मुलामुलींना ही नावे तोंडपाठ असतात.