शिरूर-दौंडमध्ये तलाक आणि मुलांच्या ताब्यासाठी वकील शोधताना

घरातलं भांडण विकोपाला जातं. दोन्हीकडचे मोठे बसतात, जमातीत बोलणं होतं, तरी जमत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "आता वकील बघा." घाई होते ती इथेच. ओळखीतला कुणीतरी एक नाव सांगतो, पहिल्याच भेटीत वकीलपत्रावर सही होते. सहा महिन्यांनी कळतं, की अर्ज चुकीच्या कोर्टात गेला, किंवा तलाकचं बोलणं झालं पण मुलांचं राहूनच गेलं. म्हणून शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कुटुंबांनी वकिलाकडे जाण्याआधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

आधी प्रश्न वेगळे करा

तलाक, खर्च आणि मुलांचा ताबा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे कायदे वेगळे, कोर्टंही वेगळी. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचं नाव सगळेच घेतात, पण तालुक्यातला प्रत्येक दावा तिथे जात नाही.

खर्च म्हणजे पोटगी. जुन्या कलम 125 च्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो आणि हे कोर्ट शिरूरलाही आहे, दौंडलाही आहे. बायको जिथे राहते तिथे तिला अर्ज करता येतो. सासर मुंबईला आणि माहेर घोडनदीला असेल, तर तारखेला मुंबईला जायची गरज नाही. मारहाण होत असेल, घराबाहेर काढलं असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्जही याच कोर्टात होतो. त्यात राहण्याची सोय, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकत्र मागता येतो.

बायकोला निकाह संपवायचा असेल आणि नवरा खुलाला तयार नसेल, तर 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं पत्ता नाही, छळ होतो, अशी कारणं त्यात दिली आहेत. हा दिवाणी दावा असतो. असा दावा लावला म्हणून मेहरचा हक्क जात नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे.

मुलांच्या कायम ताब्याचा अर्ज 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, मूल नेहमी जिथे राहतं त्या भागाच्या जिल्हा न्यायालयाकडे जातो.

म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: कोणता अर्ज, कोणत्या कोर्टात आणि का? उत्तर सरळ मिळालं नाही, तर दुसरा वकील बघा.

कागद लिहिला म्हणजे तलाक झाला?

"नोटीस पाठवली, विषय संपला," असं आजही आपल्याकडे बोललं जातं. तसं नाही. 2019 च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरतो आणि तो गुन्हाही आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इतर पद्धतीने दिलेला तलाकही नुसत्या कागदावर टिकत नाही. लातूरच्या दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने 2002 साली हे स्पष्ट केलं. कोर्टात "मी तलाक दिला" एवढं लिहून देणं पुरेसं नाही. कारण काय होतं, दोन्हीकडचे लवाद बसले का, समेटाचा प्रयत्न झाला का, हे नवऱ्याला सिद्ध करावं लागतं. सूरह निसामध्ये सांगितलेली वाटही हीच आहे.

तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत आहे का, हे जरूर विचारा. सोबत आणखी एक विचारा: तलाकशुदा मुस्लिम बाईला जुन्या कलम 125 (आता कलम 144) खाली पोटगी मागता येते का? येते. सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी तसं सांगितलं आहे. "इद्दतनंतर काही मिळत नाही" म्हणणारा वकील जुन्या माहितीवर चालला आहे.

मुलं कुणाकडे?

हनफी मसलकाप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा, म्हणजे हिजानतचा, हक्क आईचा असतो. वली बाप असतो. कोर्ट हे पाहतं, पण मुलाचं भलं कशात आहे याला सगळ्यात जास्त वजन देतं. शाळा कुठे, सांभाळणारं कोण, मूल समजत्या वयाचं असेल तर त्याला काय वाटतं, हे सगळं विचारात घेतलं जातं. ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याला भेटीचा अधिकार मागता येतो. बापानेही मूल परस्पर उचलून न्यायच्या भानगडीत न पडता हा अर्ज करावा.

खुलाच्या कागदावर "मुलांचा खर्च मागणार नाही" असं वाक्य घालण्याची पद्धत पडली आहे. असं वाक्य असेल तर सही करू नका. मुलांचा खर्च हा मुलांचा स्वतंत्र हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच सांगितलं आहे. आईच्या सहीने तो हक्क जात नाही.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, साधा अर्ज आणि ओळखपत्र घेऊन जा. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 15100 या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत ही मदत मिळते.

पहिल्या भेटीत

- निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा बोनाफाईड, आलेली नोटीस पाकिटासकट, मोबाईलवरचे मेसेज आणि नवऱ्याच्या कमाईचा जो असेल तो पुरावा सोबत न्या. पोटगीत दोघांनाही मालमत्ता आणि कमाईचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.
- फी किती, कोणत्या टप्प्याला, हे लिहून घ्या आणि पावती मागा. "केस जिंकली तर एवढे टक्के" असा ठराव वकिलांच्या नियमांत बसत नाही.
- कोऱ्या कागदावर सही नको. वकीलपत्र वाचून मगच सही करा.
- केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते.
- वकील बदलायचा हक्क तुमचा आहे. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत.

दौंडहून रेल्वेने किंवा शिरूरहून एसटीने पुण्याच्या मोठ्या वकिलाकडे जाणं चुकीचं नाही. पण दर तारखेला तो तालुक्याच्या कोर्टात स्वतः उभा राहणार का, हे आधी विचारा. पोटगीचा अर्ज लांबला की शाळेची फी थकते आणि घरभाडं अंगावर येतं. मोठ्या नावापेक्षा तारखेला हजर राहणारा, तुमचं ऐकून घेणारा आणि समेटाची शक्यता असेल तर तीही सांगणारा वकील बरा.