घरच्या घरी बाज कशी करतात?

बाज पुष्कळांच्या घरी असते. पण ती कशी करतात हे सगळ्या मुलांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, आजीसाठी घरीच बाज केली. मी मदतीला होते. म्हणून ती माहिती मी लिहीत आहे.

आजीच्या जुन्या बाजेचा एक खूर पावसाळ्यात मोडला. खूर म्हणजे बाजेचा पाय. त्याला आतून कीड लागली होती. रोज खाली पिठासारखा भुसा पडायचा, पण आमचे लक्षच नव्हते. आजीचे गुडघे दुखतात. खाली निजली की तिला दोघांनी धरून उठवावे लागे. शिवाय विंचूकाट्याची भीती. म्हणून बाज लवकर करायची होती.

लाकूड बाभळीचे घेतले. उन्हाळ्यात वादळाने आमच्या बांधावरची बाभूळ पडली होती. बाभळीचे लाकूड कठीण असते. तिचे आतले तांबूस लाकूड टिकते. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला कीड लवकर लागते, म्हणून ते तासून काढावे. दादांनी ओंडके महिनाभर हौदात बुडवून ठेवले होते. त्याने लाकडातला रस निघून जातो व कीड कमी लागते. मग ते गोठ्याच्या सावलीत वाळवले. कडक उन्हात वाळवले तर लाकूड तडकते. ओले वापरले तर ते नंतर आकसते आणि सांधे ढिले होतात.

बाजेला चार खूर, दोन लांब दांडे आणि दोन आखूड दांडे लागतात. आमचे खूर दीड फूट उंच आणि ३ इंच जाड आहेत. हत्यारे लागतात ती अशी : करवत, वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या आणि हातोडा. काही हत्यारे सुतारमामांकडून मागून आणली.

दांडा खुराला नुसता खिळ्यांनी ठोकत नाहीत. दांड्याचे टोक तासून बारीक करतात. त्याला कूस म्हणतात. खुराला गिरमिटाने व पटाशीने भोक पाडतात आणि कूस त्यात ठोकून बसवतात. भोक खुराच्या अगदी वरच्या टोकाला पाडू नये, खूर फुटतो. एका खुराला दोन बाजूंनी दोन दांडे येतात. ती दोन भोके एकाच उंचीवर पाडली तर आत एकमेकांना मिळतात आणि खूर कच्चा होतो. म्हणून एक थोडे वर व एक थोडे खाली पाडावे.

आता माझी चूक सांगते. बाज ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद करायची होती. दादा म्हणाले, "आखूड दांड्यांवर खूण कर." मी पट्टीने मोजून बरोबर ३ फुटांवर खुणा केल्या. दादांनी दोन्ही दांडे कापले. नंतर कळले की दोन्ही टोकांची ३-३ इंच कुसात जातात. म्हणजे दांडा साडेतीन फूट हवा होता! तेवढे दुसरे लाकूडच नव्हते. मला रडू आले. दादा काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, "अगं, मी एकटी निजणार. बाजंवर काय पंगत बसवायची हाय?" मग बाज अडीच फूट रुंदच केली. लांब दांडे मात्र दादांनी स्वतः मोजून साडेसहा फूट कापले.

चौकट जोडली, पण ती तिरपी दिसत होती. दादांनी मला सुतळी धरायला लावली. एका खुराच्या आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या खुराच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत मोजले. एकीकडे ६ फूट ८ इंच भरले आणि दुसरीकडे ६ फूट ४ इंच. दोन्ही तिरकी मापे सारखी आली तरच चौकट काटकोनात असते. मग ज्या बाजूला माप जास्त होते ते दोन कोपरे दोरीने आवळून जवळ ओढले. पुन्हा मोजले. दोन्हीकडे ६ फूट ६ इंच भरले! मग कुसांत लाकडी पाचरी ठोकून चौकट पक्की केली.

शेवटी बाज विणली. दोरी अंबाडीची होती. अंबाडीची ताटे पाण्यात कुजवून वाख काढतात आणि त्याची दोरी वळतात. विणताना पायथ्याकडे दीड वीत जागा मोकळी सोडतात. तिथे एक जाड दोर आडवा बांधतात. सगळी वीण त्या दोरापर्यंतच येते. तो दोर आणि पायथ्याचा दांडा यांच्यामध्ये वेगळी दोरी ओवून ताणतात. मला आधी वाटे की दोरी पुरली नाही म्हणून ती जागा तशीच राहते! पण तसे नाही. निजून निजून बाजेला झोळ येतो. तेव्हा पायथ्याची दोरी ओढली की सगळी बाज पुन्हा ताठ होते. वीण सोडावी लागत नाही.

बाज अधूनमधून कडक उन्हात टाकावी. ढेकूण झाले तर सांध्यांत उकळते पाणी ओतावे. ते काम मोठ्या माणसांनीच करावे. खाली भुसा पडतो का तेही बघावे.

आता आजी रात्री उठताना कोणाला हाक मारत नाही. दोन्ही हातांनी दांडा धरते आणि आपली आपण उठते. पायथ्याची दोरी ताणायचे काम माझ्याकडे आहे.

तुमच्या घरी कोणी बाज करणार असेल तर कुसाची ३-३ इंच धरायला विसरू नका. मी विसरले होते.

— इयत्ता चौथी